न्यूट्रिशनच्या डिग्रीच्या नावावर आमचे १,२६,०५० रुपये गेले

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्यांची मुलं यंदा पीयूसी (कर्नाटकातली बारावी) सायन्स पास होतील, त्यांनी हे वाचावं. आमच्या मुलीला डाएटिशियन व्हायचं होतं. त्यापायी पैसे गेले आणि तिचं वर्षही गेलं. नातेवाइकांत अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही. कुणी "कॉलेज कसं चाललंय गं?" विचारलं की ती आतल्या खोलीत जाते. म्हणून माझं नाव देत नाही, आकडे मात्र सगळे देतो.

प्रवेश १५,०००. पहिल्या वर्षाची फी ६८,५००. युनिव्हर्सिटी रजिस्ट्रेशन १२,७५०. इंटर्नशिपचं डिपॉझिट २५,०००. पुस्तकं आणि एप्रनचं किट ४,८००. यातले ८०,००० बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवून उचललेले आहेत. त्याचं व्याज अजून चालू आहे.

हे पैसे घेतले बेळगावातल्या एका खासगी इन्स्टिट्यूटनं. अशा जागा कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या मजल्यावर एसी ऑफिस, भिंतीवर फ्रेम, रिसेप्शनला गोड बोलणारी मुलगी. त्यांचं म्हणणं असं : शनिवार-रविवार क्लास इथं बेळगावातच, तीन वर्षांत बी.एस्सी. न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स, डिग्री बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीची, कागदावर रेग्युलर. वर पहिलं वर्ष संपलं की आरडी नंबर, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची नोंदणी. धारवाडला हॉस्टेल नको, पुण्याला खोली नको. मुलीच्या बापाला यापेक्षा काय पाहिजे?

आणि मी काही न बघता पैसे टाकले नाहीत. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर टर्निंग करण्यात आयुष्य गेलं माझं, मायक्रॉनमध्ये माप घेणारा माणूस आहे मी. भाच्याला बसवून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) साइटवर त्या युनिव्हर्सिटीचं नाव शोधलं. यादीत होतं. बोगस विद्यापीठांची वेगळी यादी असते, तीही बघितली. तिच्यात नव्हतं. मग आणखी काय तपासायचं होतं? युनिव्हर्सिटी खरीच आहे. फक्त तिचा आणि या ऑफिसचा काही संबंध नाही, हे कुठल्या यादीत लिहिलेलं असतं?

तिथंच यांचं कसब आहे. खोट्या विद्यापीठाचं नाव घेतलं तर पोरगंही पाच मिनिटांत पकडतं. हे खऱ्याचं नाव घेतात. म्हणून विद्यापीठ यादीत आहे का एवढ्यावर थांबू नका. हे ऑफिस त्या विद्यापीठाचं केंद्र आहे का, हे थेट त्यांच्या रजिस्ट्रारला ईमेल करून विचारा आणि उत्तर येईपर्यंत एक रुपया देऊ नका. शिवाय विद्यापीठानं फ्रँचायझी देऊन गावोगावी असे क्लास उघडायला यूजीसीची परवानगीच नाही. हे मला आता माहीत आहे.

फी भरायचा दिवस मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. काउंटरवर क्यूआर कोड होता. स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. ना युनिव्हर्सिटी, ना इन्स्टिट्यूट. मी थांबलो. विचारलंसुद्धा. तो काउन्सेलर आपल्याच बोलीत म्हणाला, "काका, युनिव्हर्सिटीचं अकाउंट जीएसटीच्या कामात अडकलंय बघा. आज भरा खरं, संध्याकाळी सीट लॉक होत्यात." मागं दोन पालक उभे होते, मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी बोट दाबलं. पावती हातात आली ती एका न्यासाच्या नावाची, खाली बारीक अक्षरात "देणगी, परत मिळणार नाही". फी भरायला गेलेल्या माणसाला देणगीची पावती! पैसे एकाच्या खात्यात, पावती दुसऱ्याची, डिग्री तिसऱ्याची. तिन्ही नावं माझ्या समोर होती. रात्री झोप लागत नाही ती या पाच मिनिटांपायी. पण मला सांगा, पोरगीसमोर, चार लोकांत, विचारल्यावर उत्तर मिळालेलं असताना कुठला बाप पैसे मागं घेऊन उठतो?

त्या फ्रेमांचंही सांगतो. आयएसओ, उद्यम रजिस्ट्रेशन, नीती आयोगाच्या पोर्टलचा नंबर. उद्यमचा कागद कुठल्याही छोट्या धंद्याला फुकट, स्वतःच माहिती भरून मिळतो, आमच्या शेडलाही आहे. नीती आयोगाचा तो नंबर संस्था नोंदवल्याचा असतो. यातल्या एकानंही डिग्री द्यायचा अधिकार मिळत नाही.

भांडं फुटलं ते इंटर्नशिपच्या पत्रावर. ते घेऊन मुलगी एका हॉस्पिटलात गेली. तिथल्या डाएटिशियन बाईंनी एनरोलमेंट नंबर विचारला, लॅब कुठं झाली विचारलं, आणि तिला खुर्चीवर बसवून खरा रस्ता सांगितला. इतक्या महिन्यांत तिच्याशी सरळ बोललेलं ते पहिलं माणूस. बारावी सायन्सनंतर न्यूट्रिशनची किंवा होम सायन्सची पूर्ण वेळ पदवी. मग एम.एस्सी. किंवा डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा. मग हॉस्पिटलात सहा महिने इंटर्नशिप. त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा, ती पास झाल्यावर आरडी. पहिल्या वर्षाला आरडी नंबर देतो म्हणणारा माणूस तिथंच खोटा ठरतो.

दुसरी गोष्ट त्या डाएटिशियन बाईंनीच सांगितली. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं न्यूट्रिशन, डाएटेटिक्स, सायकॉलॉजी हे विषय दूरशिक्षणानं आणि ऑनलाइन शिकवणं बंद केलंय, कारण २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात हे व्यवसाय येतात. आमचा प्रवेश नेमका त्याच सत्रातला. म्हणजे "वीकेंडला या, बाकी ऑनलाइन" ही गोष्ट उभीच राहू शकत नव्हती.

त्यानंतर जे सुरू झालं त्याचा संताप पैशापेक्षा जास्त आहे. पोलीस ठाण्यात गेलो तर "हे सिव्हिल मॅटर, वकिलाची नोटीस पाठवा". तक्रार मराठीत होती, कन्नडमध्ये आणा म्हणाले. शेजाऱ्यांकडून लिहून नेली. मग पावतीवरचा पत्ता बघून म्हणाले, हेड ऑफिस कोल्हापूरचं, महाराष्ट्राची केस. कोल्हापूरला गेलो. तिथले साहेब म्हणाले, "पैसे बेळगावात दिलेत ना? मग तिकडंच जावा." सीमेच्या दोन्ही बाजूंना आमची जबाबदारी कुणाची नाही! मतं मागायला आणि मोर्चाला गर्दी करायला दोन्हीकडचे येतात. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला तर विचारतात ओटीपी दिला का, लिंक उघडली का. नाही म्हटलं तर, तुम्ही स्वतःहून फी भरलीत, यात सायबर काय? पीयू बोर्डाच्या ऑफिसात गेलो, "डिग्री आमच्याकडं नाही". डिग्री कॉलेजांच्या सरकारी ऑफिसात गेलो, "ते कॉलेजच नाही, आमच्याकडं कसं येईल?" अहो, ते कॉलेज नाही हीच तर तक्रार आहे माझी! युनिव्हर्सिटीनं ईमेलला एका ओळीचं उत्तर दिलं : बेळगावात आमचं केंद्र नाही. त्यांचं नाव वापरून दुकान चाललंय, त्याचं त्यांना काहीच नाही.

कायदा काय म्हणतो ते मी आता पाठ केलंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यानं नोंदवून घ्यायचा असतो. नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवता येते. मी पाठवली आहे, पोचपावती जवळ आहे. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ त्या तक्रारीत लिहिलंय.

मुलगी आता सीईटीला बसतेय. धारवाडच्या कृषी विद्यापीठात पूर्वीचं होम सायन्स कॉलेज आहे, आता त्याला कम्युनिटी सायन्स म्हणतात. तिथला प्रवेश सीईटीतून होतो. पुढं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत अप्लाइड न्यूट्रिशनची एम.एस्सी. आहे, ते नाव तिनं स्वतः शोधून काढलंय. कुणाला "ओळखीनं सीट" सांगितली तर तिथूनच उठा.

ज्यांनी असेच एंटरप्रायझेसच्या खात्यात पैसे भरलेत आणि न्यासाची पावती घेतलीय, त्यांनी फोनमधल्या स्क्रीनशॉटवर राहू नका. बँकेतून शिक्क्याचं स्टेटमेंट काढा, ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव त्यात दिसलं पाहिजे. व्हॉट्सअॅपचं चॅट पुसू नका. ते लोक "अॅडजस्ट करू, दुसऱ्या कोर्सला घालू" म्हणून कागद परत मागतात. मूळ पावती देऊ नका. आम्ही आता चार घरं एकत्र आलोय, त्यातली दोन निपाणीकडची. पुढची तक्रार सगळ्यांच्या सह्यांनी जाणार आहे. लाज वाटते म्हणून गप्प बसलेले अजून असतील. त्यांनीही सही करायला यावं.