खोट्या सपोर्टला शून्य, खऱ्या कस्टमर केअरला साडेतीन स्टार

परवा फोन आला, "सर, तुमच्या इंटरनेट कंपनीच्या टेक्निकल विभागातून बोलतोय, तुमच्या राउटरमधून व्हायरस पसरतोय, आज लाइन बंद करावी लागेल." आवाज एकदम गोड, आणि स्क्रीनवर कंपनीचंच नाव. पण कॉलर आयडी खोटा दाखवता येतो, त्यामुळे त्यावर भरवसा शून्य. मग म्हणे कॉम्प्युटरवर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची सगळ्या घडामोडींची नोंदवही) उघडा, बघा किती लाल एरर आहेत. अहो, ते तर धडधाकट चालणाऱ्या विंडोजमध्ये पण असतात! पुढे एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) टाका आणि त्यातला नंबर मला सांगा म्हणाला, तिथे माझी ट्यूब पेटली, कारण तो नंबर दिला आणि परवानगीचं बटण दाबलं की सगळा कॉम्प्युटर त्याच्या हातात, बँकेचं पान उघडं असेल तर विचारूच नका. मी म्हटलं आधी माझा ग्राहक क्रमांक सांगा, तर साहेब एकदम चिडले, "व्हेरिफिकेशनसाठी तो तुम्हीच सांगायचा असतो." ठेवला फोन.

आता खऱ्या कस्टमर केअरबद्दल. बिलावरचा नंबर बघून मीच लावला, वीस मिनिटं तीच ट्यून ऐकवली (एक स्टार तिथेच गेला), पण मुलगी नीट बोलली, लाइन तपासून काहीच प्रॉब्लेम नाही म्हणाली आणि त्या खोट्या कॉलवाल्याचा नंबर नोंदवून घेतला. अर्धा स्टार कापला कारण ऑफरचे मेसेज रोज पाठवतात, मग अशा कॉलबद्दल एक मेसेज पाठवायला काय होतं यांना?