टेबलावरचा इतिहास : एका दिनदर्शिकेचे वर्षभराच्या वापरानंतर परीक्षण

आधुनिक भारताच्या इतिहासातील तारखांची ही स्पायरल बांधणीची टेबल दिनदर्शिका मी गेले वर्षभर रोज सकाळी एक पान उलटत वापरली आहे. पानांवर वार आणि चालू वर्ष छापलेले नसल्यामुळे ३६६ पानांचा हा संच दर जानेवारीत पुन्हा उघडता येतो, म्हणून ३२० रुपये ही किंमत मला रास्त वाटते.

तिचा मोठा गुण म्हणजे अमुक दिवशी अमुक घडले एवढ्यावर ती थांबत नाही, तर तीच तारीख का निवडली गेली हेही सांगते. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले असताना ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी १९५० चा दिवस का ठरला, याचे उत्तर तिने लाहोर अधिवेशनातील पूर्ण स्वराज्याच्या ठरावापर्यंत आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पाळलेल्या स्वातंत्र्यदिनापर्यंत मागे नेऊन दिले आहे. माझ्या शाळकरी नातीला ‘प्रजासत्ताक दिन’ हा शब्द पाठ होता. त्यामागची वीस वर्षे तिला या पानामुळे समजली.

सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले पान १५ ऑगस्टचे आहे. त्याच्या तळाशी १७ सप्टेंबर आणि १९ डिसेंबर ही पाने पाहण्याची सूचना आहे, आणि ती मला फार मोलाची वाटली. दिल्लीत तिरंगा फडकला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा आणि त्यानंतरची पोलीस कारवाई यांतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला, म्हणजे तेथील माणसांना आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. गोव्याला तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले. मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली तो १८ जून १९४६ चा दिवसही येथे आवर्जून घेतला आहे.

दोन चुका मात्र मनाला लागल्या. ‘छोडो भारत’ ठराव ८ ऑगस्ट १९४२ रोजी रात्री गोवालिया टँक मैदानावरील अधिवेशनात मंजूर झाला, तरी तो ९ ऑगस्टच्या पानावर टाकला आहे. वास्तविक ९ तारीख पहाटेच्या अटकसत्राची आणि त्याच मैदानावर अरुणा असफ अली यांनी तिरंगा फडकवल्याची आहे. दुसरी उणीव सोलापूरकर म्हणून मला अधिक खुपते. १२ जानेवारीच्या पानावर स्वामी विवेकानंदांची जयंती आहे, ती असायलाच हवी. पण १९३१ साली त्याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचा तेथे उल्लेखच नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता, हेही मेच्या पानांत कोठे सापडले नाही.

कागद पातळ असल्याने मागची शाई पुढे दिसते आणि जाड पुठ्ठ्याचा आधार सहा महिन्यांत वाकला. अक्षर मात्र मोठे व सुवाच्य आहे. प्रकाशकांना मी दोन्ही दुरुस्त्या पत्राने कळवल्या आहेत. तोवर १२ जानेवारीच्या पानाच्या समासात ती चार नावे मी शाईने लिहून ठेवली आहेत.