रोमन घोडेस्वाराचं चिलखत: कड्यांचं की खवल्यांचं?

रोमन घोडेस्वारांच्या अंगावर मुख्यतः दोन तऱ्हेची चिलखतं दिसत. लोरिका हमाटा म्हणजे लोखंडी कड्यांचं. एक ओळ अखंड कड्यांची, पुढची रिव्हेट ठोकून बंद केलेल्या कड्यांची, आणि प्रत्येक कडं चार शेजाऱ्यांत अडकलेलं. ही विद्या रोमनांनी केल्ट लोकांकडून उचलली. बनवायला वेळखाऊ, पण दुरुस्ती सोपी: तुटली तेवढी कडी बदलायची. सगळा भार मात्र खांद्यांवर, म्हणून कंबरपट्टा आवळायचा.

लोरिका स्क्वामाटा खवल्यांचं. काशाचे किंवा लोखंडाचे छोटे पत्रे तारेने शेजारच्या पत्र्याला जोडून कापडावर शिवत. उन्हात झगमगणार, रुबाब तर विचारूच नका! वरून पडलेला घाव पत्र्यांवरून निसटतो. गोची खालून येणाऱ्या भाल्याची. पायदळातला शत्रू घोड्यावरच्या माणसाला खालूनच भोसकणार, आणि टोक नेमकं दोन खवल्यांच्या मध्ये शिरू शकतं. शिवण उसवली की पत्रे गळतात ते वेगळंच.

रोमनांकडे रिकीब, म्हणजे स्वाराने पाय ठेवायचा आधार, नव्हती. चार कोपऱ्यांना शिंगांसारखे उंचवटे असलेल्या खोगिरात मांड्या आवळून बसायचं आणि तसंच वळून भाला फेकायचा. त्यासाठी अंगाबरोबर वळणारी कडीच बरी, असं माझं मत. संचलनाला मात्र खवलेच.