गूगलचे ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर: उपयुक्त, पण अपुरे
अँड्रॉइड ॲप दिव्यांग व्यक्तींना वापरता येईल का, हे तपासणारे हे मोफत साधन मूळ कोड न मागता थेट पडद्यावरच्या उणिवा दाखवते. ४८ डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचा आकार मोजण्याचे एकक) लहान बटणे, लेबल (दृष्टिहीनांना ऐकवले जाणारे नाव) नसलेली चिन्हे, पार्श्वभूमीशी ४.५:१ पेक्षा कमी कॉन्ट्रास्ट असलेला बारीक मजकूर ते चटकन हेरते आणि प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्या डिझायनरलाही त्याचे निष्कर्ष समजतात, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मात्र ‘हटवा’च्या चिन्हाला कोणी ‘जतन करा’ असे लेबल दिले, तरी त्याची हरकत नसते! लेबल आहे, एवढेच त्याला कळते. अर्थाची तपासणी टॉकबॅक (पडद्यावरचे सगळे वाचून ऐकवणारे अँड्रॉइडचे साधन) सुरू करून, शक्यतो ते रोज वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीकडूनच करून घ्यावी लागते.