तीन बर्नरची काचेची शेगडी: वर्षभराचा वापर आणि बारीक गॅसचं प्रकरण

दुकानात काचेचा रंग दाखवतात, पितळी बर्नर हातात देऊन वजन बघायला सांगतात. गॅस बारीक केल्यावर ज्योत टिकते का, हे कुणी दाखवत नाही. हा रिव्ह्यू मुख्यतः तेवढ्यासाठीच आहे, कारण आमच्या सासूबाईंना वास येत नाही.

आधी बाकीचं उरकते. मोठ्या बर्नरवर पाच लिटरचा कुकर नीट बसतो, ज्योत निळी आहे, भांड्यांची बुडं काळी होत नाहीत. काच पुसायला सोपी, फक्त गार झाल्यावर. गरम असताना ओलं फडकं मारलं तर या काचेला नुसता तडा जात नाही, तिचा एकदम चुरा होतो. पसरट कढईखाली आच कोंडून काचेवर येते, म्हणून दिवाळीत चकल्यांना मी लहान कढई घेतली. वेळ जास्त लागला, पण काच शाबूत आहे.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीला सिलिंडर होता, तेव्हा काही तक्रार नव्हती. मग सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत पाइपलाइनचा गॅस आला. ठेकेदाराच्या माणसाने जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, बदलले, तिन्ही बर्नर मोठे करून दाखवले आणि सही घेऊन गेला. तेव्हापासून लहान बर्नर बारीक केला की ज्योत भोकांपाशी मण्यांएवढी उरायची. ड्राय बाल्कनीचं दार उघडलं की आधी एका बाजूचे मणी जायचे, मग उरलेले. आवाज नाही, काही नाही. वर दुधाचं झाकलेलं पातेलं असलं की विझलेलं दिसतही नाही, आणि नॉब तर चालूच.

गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळतात. ज्याला वासच येत नाही त्याने काय करायचं? सकाळचा पहिला चहा सासूबाईच करतात आणि तो त्यांनीच करावा असं मला वाटतं. एका शेगडीपायी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढायला मी तयार नव्हते.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. माणूस आला. शेगडी वॉरंटीत असूनही ‘गॅस बदललाय ना’ म्हणून व्हिजिटचे 350 रुपये घेतले, बर्नर ब्रशने घासला आणि म्हणाला, “मॅडम, स्वयंपाक करताना दार-खिडक्या लावून घेत जा.” मी फार चिडले. ज्या खोलीत ज्योत विझून गॅस सुटतोय, तीच खोली बंद करायची? पाइपलाइनचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे चढतो आणि त्याला बाहेर जायला वरची जाळी उघडीच लागते. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. एवढं तर कंपनीच्या माणसाला ठाऊक हवं. त्याच रात्री एक तारा देऊन मोकळी झाले होते.

इथून पुढचं नंतर लिहिते आहे, आणि मत थोडं बदललं आहे.

शेजारच्या काकूंनी बोहरी आळीजवळच्या एका जुन्या मिस्त्रींचं नाव सांगितलं. ते घरी आले, मीटरजवळचा कॉक बंद केला, नॉब ओढून काढला आणि टॉर्च मारून मला नॉबखालच्या दांडीच्या पोकळीतला इवलासा स्क्रू दाखवला. गॅस बारीक केल्यावर तो शेगडीच्या कॉकमधल्या एका वेगळ्या अरुंद वाटेने येतो, ती वाट या स्क्रूने कमी-जास्त होते. पाइपलाइनच्या गॅसमध्ये घनमीटरमागे उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी असते. दाबही कमी, सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून साधारण 30 मिलिबार, तर लाइनला 21. म्हणून जेटचं भोक मोठं करावं लागतं. ते केलं होतं, पण ही वाट सिलिंडरच्याच मापाची राहिली होती. जेट कितीही मोठा असला तरी मागून गॅसच पुरेसा येत नव्हता.

स्क्रू जरासा सैल केल्यावर ज्योत सगळीकडून सारखी झाली. मिस्त्रींनी दार उघडं ठेवलं, नॉब मोठ्यावरून एकदम बारीकवर आणला, वर पातेलं ठेवून परत पाहिलं. ज्योत टिकली. शेवटी जोडांना साबणाचा फेस लावून गळती तपासली. हे काम घरी करू नका, स्क्रू जास्त सैल झाला तर तिथूनच गॅस येऊ शकतो. आणि जेट बदललेली शेगडी परत सिलिंडरला लावू नका, ज्वाळा भांड्याच्या बाहेर येतात.

म्हणजे निम्मा दोष अर्धवट काम करून गेलेल्या ठेकेदाराच्या माणसाचा. तरी कंपनीला मी पूर्ण सोडत नाही. तिच्या माणसाला हा स्क्रू दिसायला हवा होता. शिवाय ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय यात नाही. त्यात ज्योतीत एक बारीक टोक असतं, ते तापलेलं असेपर्यंतच व्हॉल्व्ह उघडा राहतो. काही महागड्या हॉबमध्ये, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगड्यांमध्ये, ती सोय मिळते. इथे आयएसआय शिक्का आहे, काचेवर फुलांची नक्षी आहे आणि त्या नक्षीचे जास्तीचे पैसे मी मोजले आहेत. तेच पैसे त्या सोयीसाठी मी आनंदाने दिले असते.

चालती शेगडी टाकून देणं मला पटत नाही, म्हणून मोठ्याने वाजणारा गॅस अलार्म घेतला. बसवणारा तो ओट्याखाली लावायला निघाला होता, कारण सिलिंडरवाल्यांकडे तिथेच लावतात. पाइपलाइनसाठी तो वर, छताजवळ लागतो आणि मिथेन, म्हणजे लाइनचा गॅस, ओळखणाराच लागतो.

शेगडीला आता साडेतीन तारे, सर्व्हिसला एकच. तुमच्याकडे लाइन येणार असेल तर प्रत्येक बर्नर अगदी बारीक करून, पातेलं ठेवून, दार उघडं टाकून बघा आणि मगच कागदावर सही करा. व्हिजिटचे 350 रुपये मी लेखी परत मागितले आहेत. उत्तर आलं की इथेच लिहीन.