मल्टीमीटर दाखवून ‘कॉइल गेली’ म्हणतात तेव्हा

बाइकचा सेल्फ मारला की नुसती टिकटिक, इंजिन ढिम्म. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली की काही दिवस गाडी शहाण्यासारखी चालायची आणि मग पुन्हा तेच रडगाणं. बॅटरी फार जुनी नव्हती, त्यामुळे चार्जिंगमध्येच काहीतरी गडबड आहे हा अंदाज होता. गाडी गॅरेजमध्ये टाकली आणि तिथे नागवलो गेलो. हा अनुभव सविस्तर लिहितोय, कारण यात माझ्या पाठीमागे काहीच झालं नाही. सगळं डोळ्यांदेखत, मल्टीमीटर समोर धरून, आकडे वाचून दाखवत झालं.

मेकॅनिकने सीट काढली, इंजिन चालू केलं आणि बॅटरीच्या टर्मिनलला मीटरचे प्रोब, म्हणजे वायरींची टोकं, लावले. हेडलाइट चालू, गाडी आयडलवर. आकडा आला १२.३ व्होल्ट. “बघा साहेब, चौदा यायला पाहिजे. चार्जिंगच नाही.” मग इंजिन बंद करून त्याने स्टेटरकडून (इंजिन फिरताना वीज तयार करणारी कॉइल ती हीच) येणारा तीन पिवळ्या वायरींचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट, सोडवला, पुन्हा इंजिन चालू केलं आणि त्यातल्या दोन पिनांना प्रोब टेकवले. मीटरवर शून्याच्या आसपास काहीतरी थरथरत होतं. “कॉइल करंटच देत नाही.” शेवटी इंजिन बंद करून, मीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो ती जागा) टाकून त्याच पिनांना लावला. टीं करून आवाज आला. “शॉर्ट आहे. आतून जळली. नवीन टाकावी लागेल.”

तीन टेस्ट, तिन्हींचा निकाल एकच. असं म्हटल्यावर कोण वाद घालणार? संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने पुन्हा बॅटरीला मीटर लावला, या वेळी ॲक्सिलरेटर चांगला पिळून. १४.१. जुनी कॉइल मी मागितली, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळीठिक्कर कॉइल हातात दिली.

थोड्याच दिवसांत टिकटिक परत सुरू झाली. माझा एक मित्र मोटर वाइंडिंगचं काम करतो. त्याच्याकडे गाडी नेली आणि कॉइलही दाखवली. पुडी उघडताच त्याने विचारलं, “तुझ्या गाडीला पिवळ्या वायरी तीन ना? मग ही दोन वायरींची कॉइल कुणाची?” मग तो इंजिनच्या कव्हरपाशी उकिडवा बसला. स्टेटर या कव्हरच्या आत असतो. तो बदलायचा तर कव्हरचे सगळे बोल्ट काढावे लागतात, गॅस्केट खरवडून नवं बसवावं लागतं आणि बऱ्याच गाड्यांत ऑइलही काढावं लागतं. माझ्या बोल्टांच्या खाचांमध्ये पावसाळ्यातला चिखल वाळून दगड झाला होता, टोकदार स्क्रूड्रायव्हरनेही तो सहज निघेना. कव्हरच्या सांध्यावर ऑइल आणि धुळीची जी पट्टी जमली होती ती कुठेही तुटलेली नव्हती. कव्हर उघडलंच नव्हतं. बिलात मात्र कॉइल, गॅस्केट, ऑइल, मजुरी, सगळं व्यवस्थित लिहिलेलं.

मग ते आकडे कुठून आले? मित्राने माझ्याच गाडीवर तिन्ही टेस्ट करून दाखवल्या. मेकॅनिकचा मीटर खोटं बोलत नव्हता, त्याला प्रश्नच चुकीचे विचारले जात होते.

स्टेटरमधून निघतो तो एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट. रेक्टिफायर त्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, करून बॅटरीला देतो. मीटरवर व्ही या अक्षराजवळ सरळ रेघ असलेली जागा डीसीची आणि नागमोडी रेघेची एसीची. स्टेटरच्या वायरींना डीसीवर मीटर लावला की कॉइल ठणठणीत असली तरी शून्याच्या आसपासच दिसणार. तेच बटण नागमोडी रेघेवर नेल्याबरोबर माझ्या ‘जळलेल्या’ कॉइलने रेस वाढेल तसे चढत जाणारे व्होल्ट दाखवले, तिन्ही जोड्यांमध्ये जवळपास सारखे. तीन वायरी म्हणजे जोड्या तीन, आणि तिन्ही मोजायच्या. एखादीच जोडी मागे पडली तर कॉइलवर संशय घ्यायला जागा आहे.

बीपचा खेळ तर अजून सोपा. स्टेटरच्या दोन पिवळ्या वायरींमध्ये रेझिस्टन्स असतो साधारण एका ओहमच्याही खाली, त्यामुळे तिथे बीप वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर वायर तुटलेली. शॉर्ट तपासायचा तो कपलर सोडवून, इंजिन बंद ठेवून, एक प्रोब पिवळ्या वायरीला आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला लावून. तीन वायरींच्या स्टेटरमध्ये तिथे बीप आला तरच कॉइल बॉडीला लागली म्हणायची. (काही साध्या गाड्यांत कॉइलचं एक टोक मुद्दामच इंजिनला अर्थ केलेलं असतं, तिथे हा नियम चालत नाही. गाडीचा वायरिंग डायग्राम बघायचा.)

आणि ते १२.३? आयडलवर हेडलाइट चालू असताना, त्यातही बॅटरी उतरलेली असताना, बऱ्याच गाड्यांत आकडा कमीच दिसतो. चार्जिंग बघायचं ते रेस चार-पाच हजार आरपीएमपर्यंत नेऊन. तेव्हा साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत. आकडा पंधराच्या वर गेला तर व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेक्टिफायर-रेग्युलेटरच बॅटरी उकळतोय. सकाळी आयडलवर मोजायचं आणि संध्याकाळी रेस करून, म्हणजे मधे काही केलं नाही तरी ‘आधी’ आणि ‘नंतर’ तयार. मला यातली सफाई अजूनही दाद देण्याजोगी वाटते.

माझ्या गाडीत बिघाड खरा होता, पण तो कपलरमध्ये. तीन पिनांपैकी एकीभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं आणि पिन सैल झाली होती. मेकॅनिकने कपलर ओढून, बहुधा पुसून, परत दाबून बसवला. तेवढ्यानेच काही दिवस चार्जिंग नीट झालं असणार.

गंमत म्हणजे या पिनेलाही बीप वाजत होता. बीपवर असताना मीटर अगदी नगण्य करंट सोडतो, आणि तेवढ्याला केसाएवढा संपर्कही पुरतो. खरा भार आला की तिथेच व्होल्ट खर्ची पडतात आणि प्लास्टिक तापतं. मित्राने कपलर जोडलेलाच ठेवून, इंजिन चालू असताना, एसी व्होल्टवर एक प्रोब कपलरच्या अलीकडे आणि दुसरा त्याच वायरीवर पलीकडे, मागच्या बाजूने पिनेला टेकवला. दोन वायरींवर जवळजवळ शून्य. तिसरीवर एक व्होल्टच्याही वर. एकाच वायरीच्या दोन टोकांत एवढा फरक म्हणजे तो सांधा गेलेला. नवा कपलर बसवला, पिना नीट क्रिम्प केल्या, विषय संपला. (कपलर सुटा असताना इंजिन चालू करून या वायरींना हात लावू नका, रेस केल्यावर तिथे पन्नासच्या वर व्होल्ट सहज असतात.)

तुमच्यासमोर कुणी मीटर धरला तर आकड्याआधी बटण कुठे आहे ते बघा. इंजिन आयडलवर आहे की रेस केलेलं, हेडलाइट चालू की बंद, प्रोब नेमके कुठल्या वायरीला लागलेत, हे सगळं मोबाइलवर फोटोत घ्या. त्याच स्थितीत काम झाल्यावर परत मोजायला सांगा. गाडी टाकण्याआधी इंजिन कव्हरच्या बोल्टांचेही फोटो काढून ठेवा, किंवा दोन बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. आणि जुना पार्ट हातात आला की तो आपल्याच गाडीचा आहे का, ते वायरींची संख्या आणि कपलरचा आकार बघून तिथल्या तिथे ताडून घ्या. माझ्या बाबतीत सगळं उघडं पडलं ते त्या तिसऱ्या वायरीमुळे.

कॉइलची पुडी, बिल आणि बोल्टांचे फोटो घेऊन मी परत गॅरेजमध्ये गेलो. आधी उत्तर मिळालं, “तुमच्या मित्राचा मीटर लोकल असेल.” मग, “पोराने चुकून दुसऱ्या गाडीची कॉइल दिली असेल.” म्हटलं, हरकत नाही, कव्हर आत्ता माझ्यासमोर उघडा, आत नवी कॉइल दिसली तर उघडण्याची मजुरी मी देतो. त्यावर त्याला एकदम दुसऱ्या गाड्यांची घाई आठवली. तासभर तिथेच बाकड्यावर बसून राहिलो, येणाऱ्या गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय झालंय ते सांगत. शेवटी कॉइल, गॅस्केट आणि ऑइलचे पैसे परत मिळाले. मजुरी मात्र त्याने ठेवून घेतली. “साहेब, चेकिंगला वेळ जातोच ना आमचा.”