रॉयल सोसायटीची क्युरेटरकी: काम रोख, पगार उधार

लंडनची रॉयल सोसायटी, विज्ञानाची नामांकित संस्था. पण 1662 साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला दिलेली 'प्रयोगांचा क्युरेटर' ही जागा निव्वळ नोकरी म्हणून तपासली, तर पाचात दोनच तारे. तेही कामाचे. दर बैठकीला तीन-चार दखलपात्र प्रयोग करून दाखवायचे आणि मोबदला संस्थेच्या गाठीला पैसा जमेल तेव्हा!

खरी मेख 1664 मध्ये बसली. सर जॉन कटलर या गबर व्यापाऱ्याने हूकला व्याख्यानांसाठी वर्षाला 50 पौंड तहहयात कबूल केले. संस्थेने लगोलग तेच 50 हूकच्या 80 पौंडांच्या पगारात धरले. स्वतःची तोशीस फक्त 30. निम्म्याहून जास्त पगार तिसऱ्याच्याच मर्जीवर. तेव्हाच्या कमाल कायदेशीर व्याजाने, म्हणजे 6 टक्क्यांनी, वर्षाला 50 सुटायला 833 पौंडांची ठेव लागली असती. ती आधी मागून घ्यायला हवी होती. नुसत्या शब्दावर माणूस नेमला की दरसाल देणगीदाराचे उंबरे झिजवणं आलंच.

दुसरी खोट विषयाची. व्याख्यानं उद्योगधंद्यांच्या इतिहासावर व्हायची होती. हूक बोलला पृथ्वीची गती, धूमकेतू, स्प्रिंग यांवर. पैसे अडवणाऱ्या कटलरला निमित्त मिळालं. गंमत म्हणजे 'जितका ताण तितकं बळ' हा हूकचा स्प्रिंगविषयीचा प्रसिद्ध नियम याच व्याख्यानांपैकी 1678 च्या छापील पुस्तिकेत आहे, आणि 1679 चा एकत्रित संग्रह निघाला तो कटलरच्याच नावाने.

तक्रार निवारणाला शून्य. संस्थेकडे तगादा लावून उपयोग नव्हता, कारण कटलर तिचाच मानद सभासद. त्याला दुखवणार कोण? शेवटी चान्सरी कोर्ट, म्हणजे इंग्लंडचं दिवाणी दाव्यांचं एक वरचं न्यायालय. कटलर 1693 मध्ये वारला, थकबाकीचा निकाल हूकच्या बाजूने लागला 18 जुलै 1696 ला, त्याच्या एकसष्टाव्या वाढदिवशी. तोवर चूल पेटती ठेवली ती ग्रेशम कॉलेजची प्राध्यापकी आणि 1666 च्या आगीनंतरची लंडनची मोजणी, या जोडकामांनी.

संस्थेच्या वाट्याच्या पगाराचीही खात्री धरू नये. 1686 मध्ये माशांवरचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ छापून तिची तिजोरी रिकामी झाली, आणि संस्थेचा कारकून, खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली, याला 50 पौंडांच्या पगारापोटी त्याच न खपलेल्या ग्रंथाच्या प्रती देण्यात आल्या.